प्रोव्होतले सहा आठवडे: अठरा वर्षांची पोरं, छातीवर नावाची पट्टी आणि स्पॅनिश

मंजिरी_लीहाय

अमेरिकेतल्या युटा राज्यात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. बर्फ किती पडतो, आणि पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी लावून जोडीजोडीने फिरणारी ती पोरं कोण? पहिल्याचं उत्तर कुठेही मिळेल. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे तरुण धर्मप्रचारक. त्यांच्यावर लिहीन लिहीन म्हणत होते, आता शेजारचाच मुलगा त्यात गेल्यामुळे मुहूर्त लागला.

आधीच सांगते, मी मॉर्मन नाही आणि व्हायचा बेतही नाही. घरी गणपती बसतो, त्याच्या आरतीला हेच शेजारी येतात आणि मोदक मागून घेतात. त्यामुळे 'तुम्हाला ओढलं का त्यांनी' असं कृपया विचारू नका.

थोडी पार्श्वभूमी. या पंथाचं पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापना झाली आणि १८४७ साली मंडळी युटात येऊन स्थिरावली. आमच्या गावाचं, लीहायचं, नावसुद्धा त्यांच्या धर्मग्रंथातल्या एका पात्राचं आहे. मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष 'मिशन'वर, म्हणजे धर्मप्रचाराला, जातात. २०१२च्या ऑक्टोबरपर्यंत मुलग्यांना एकोणीस आणि मुलींना एकवीस पूर्ण लागायची. तेव्हा ती अट अनुक्रमे अठरा आणि एकोणीसवर आणली आणि अर्जांचा पूर आला (नोव्हेंबर २०२५ पासून मुलींनाही अठराच). हे मुलगे म्हणजे 'एल्डर', मुली 'सिस्टर'. दोन वर्षं पहिलं नाव बंद, फक्त आडनाव.

कुठे जायचं आणि कुठली भाषा शिकायची, हे मुलं ठरवत नाहीत. वरून पत्र येतं. पूर्वी मोठं पांढरं पाकीट यायचं, हल्ली ऑनलाइन येतं. पण ते उघडण्याचा सोहळा तसाच होतो. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि प्रत्येकाने आपापल्या अंदाजाची टाचणी त्यात टोचायची होती. आमच्या लेकीने हट्टाने नाशिकवर टोचली. शेजारच्या मुलाला (इथे त्याला बंटी म्हणू) निघालं चिली. स्पॅनिश. बंटीने शाळेत स्पॅनिश घेतलं होतं, म्हणजे त्याला रंग, आकडे आणि 'संडास कुठे आहे' एवढं येत होतं.

यापुढे जे होतं त्याबद्दल मला लिहायचंय. युटातल्याच प्रोव्हो शहरात ब्रिघम यंग विद्यापीठाला लागूनच यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. १९६१ साली विद्यापीठातच एक छोटी भाषासंस्था म्हणून सुरुवात झाली, १९७६ला स्वतःचं आवार मिळालं, १९७८ला आजचं नाव पडलं. आज तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. इंग्रजीतच काम करणार असतील ते दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडतात, स्पॅनिशवाले साधारण सहा आठवडे, आणि जपानी-रशियनसारख्या भाषांची मंडळी नऊ. हल्ली सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन करून घेतात. करोनाने लावलेली सवय. बंटी त्याच्या खोलीत टाय लावून लॅपटॉपपुढे बसायचा आणि खाली त्याची धाकटी भावंडं धुडगूस घालायची.

मग आवारात. आई-बाप गाडी कडेला लावतात, मिठ्या मारतात, एक अनोळखी एल्डर येऊन बॅग उचलतो आणि मुलगा आत जातो. हे सगळं इतक्या झटपट उरकतं की बंटीच्या आईला म्हणे रडायलाही घरी येऊनच वेळ मिळाला. आत गेल्यावर जोडीदार मिळतो. हा जोडीदार सतत बरोबर, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. न्हाणीघर सोडून कुठेही एकट्याने जायचं नाही. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद. मध्ये वर्ग, स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, परत वर्ग, तासभर खेळ. आठवड्यातून एक 'तयारीचा दिवस', त्यात कपडे धुणं, केस कापणं, घरी बोलणं. २०१९च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला फोन करायला परवानगी आहे. त्याआधी नाताळ आणि मातृदिन, वर्षाला एवढे दोनच फोन!

आणि स्पॅनिश. पहिल्या दिवशी शिक्षक दार उघडतो तो स्पॅनिशमध्येच बोलत. हे शिक्षक बहुतेक विद्यापीठातलेच विद्यार्थी, स्वतः नुकतेच मिशनवरून आलेले, यांच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी प्रार्थना स्पॅनिशमध्ये. त्यानंतर एक-दोन दिवसांतच एका 'अनोळखी माणसा'ला घरी भेटून धडा द्यायचा, तोही स्पॅनिशमध्ये. हा अनोळखी माणूस म्हणजे नाटक करणारा शिक्षकच. पण तो भूमिका सोडत नाही आणि इंग्रजी समजत असल्याचं दाखवतही नाही. बंटीच्या पहिल्या भेटीत त्या 'कार्लोस'ने सांगितलं, माझी बायको मला सोडून गेली. बंटी आणि जोडीदार दोघांनी हसून एका सुरात सांगितलं, "मुय ब्येन!" म्हणजे 'फारच छान!'

कार्लोस म्हणे दोन मिनिटं काही बोललाच नाही.

मी ऑफिसात माणसं कामाला लावायचं काम करते. शिकवून झाल्यावर काम द्यायचं, ही आपली सगळ्यांची रीत. इथे काम आधी देतात आणि त्यात फजिती झाली की शिकवतात. मला ही गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटली. तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

---

रताळे

वाखुसा (वाचनखूण साठवली). मुय ब्येनला फुटलो. बिचारा कार्लोस.

---

पोटोबा

मुख्य मुद्द्याकडे वळू. जेवायला काय मिळतं? आणि या सगळ्याचा खर्च कोण करतं?

---

मंजिरी_लीहाय

@पोटोबा, तुमच्याकडून याच प्रश्नाची अपेक्षा होती. मोठी खानावळ आहे, हवं तेवढं घ्या, आणि दिवसभर खुर्चीत बसून शिकायचं. पोरं तिथे अंगाने सुटतात, हा इथल्या घराघरातला विनोद आहे. चहा-कॉफी त्यांच्या धर्मातच वर्ज्य, त्यामुळे तुमचा निभाव लागणार नाही. आमच्या दारात अशी जोडी आली की मला पंचाईत पडायची, पाहुण्याला चहा विचारायचा नाही म्हणजे काय! आता कोकम सरबत करते. एका एल्डरने ते पिऊन 'हे कुठल्या फळाचं?' असं विचारून वहीत लिहून घेतलं होतं.

खर्च मुलं आणि घरचे करतात. महिन्याला ४०० डॉलर भरायचे होते, जुलै २०२० पासून ५००. टोकियोला जा नाहीतर बोलिव्हियाला, आकडा तोच. सगळे पैसे एकत्र करून जिथे जेवढे लागतात तिथे तेवढे पाठवतात. बंटी दोन हिवाळे गल्लीतल्या लोकांच्या अंगणातला बर्फ उपसत होता, आमच्याही. पगार नावाचा प्रकार नाही.

---

उंबरठा

छान धागा, मंजिरी. माझा नवरा अमेरिकन, आणि १९९४ साली याच आवारातून ग्वातेमालाला गेलेला. आता तो चर्चला फारसा जात नाही, पण प्रोव्होवरून गाडी निघाली की दर वेळी बोट दाखवून तीच गोष्ट सांगतो, त्यामुळे मला पाठ आहे.

त्याच्या काळी मुक्काम दोन महिन्यांचा होता. नव्याने आलेल्यांच्या नावाच्या पट्टीवर नारिंगी ठिपका लावायचे, म्हणजे रस्ता चुकलेलं कोकरू कोण ते सगळ्यांना कळावं. आणि मुख्य फरक म्हणजे तेव्हा सहा ठरलेले धडे शब्दन् शब्द पाठ करावे लागायचे, स्पॅनिशमध्ये. आपण पाढे म्हणायचो तसे हे एल्डर जिन्यात, जेवणाच्या रांगेत, व्हॉलीबॉल खेळताना धडे घोकत असायचे. एखाद्याने मध्येच प्रश्न विचारला की गाडी रुळावरून घसरली, पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू. २००४ साली त्यांनी ती पद्धत बंद करून नवीन मार्गदर्शिका आणली. आता पाठांतर नाही, समोरच्या माणसाचं ऐकून आपल्या शब्दांत सांगा. कार्लोसचं नाटक त्यातूनच आलेलं.

नवऱ्याचं म्हणणं असं की पाठांतराला हसू नका. ग्वातेमालात उतरल्यावर पहिले काही आठवडे त्याला समोरच्याचं काहीच कळत नव्हतं, पण तोंडातून निघणारं स्पॅनिश व्याकरणाला धरून होतं, कारण ते त्याचं नव्हतंच! आणि गंमत म्हणजे डोंगरातल्या गावात गेला तर तिथल्या आज्याबायांना स्पॅनिश त्याच्याहून कमी येत होतं. त्यांची भाषा केक्ची, माया कुळातली. दोन्हीकडचे लोक परक्या भाषेत बोलत होते, म्हणून दोघंही सावकाश बोलायचे. तिथे तो खरं शिकला, असं तो म्हणतो.

अजून एक. आवारात जगाचा मोठा नकाशा आहे. त्यापुढे उभं राहून आपल्याला नेमून दिलेल्या देशावर बोट ठेवून फोटो काढायचा, हा विधीच आहे. आमच्या घरी तो फोटो आहे. बोट ग्वातेमालावर नसून होन्डुरासवर आहे.

---

सोलापुरी

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. अठरा वर्षांच्या, जग न पाहिलेल्या पोराला घरापासून तोडायचं, एकटं सोडायचं नाही, नाव काढून घ्यायचं, दिवसभर एकच पुस्तक वाचायला लावायचं. याला आपण भाषाशिक्षण म्हणतोय? हेतू धर्मप्रसार आहे. भाषा हे हत्यार आहे. उद्या ही पोरं एखाद्या गरीब वस्तीत जाऊन काय करणार, यावर कोणीच का लिहीत नाही?

---

मंजिरी_लीहाय

@सोलापुरी, तुमचा मुद्दा टाळत नाहीये. हेतू धर्मप्रसारच आहे, ते स्वतःही लपवत नाहीत, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. आणि एकटं न सोडणं, ठरलेलं वेळापत्रक, हे मलाही खुपतं. मी माझ्या मुलीला पाठवणार नाही. पण एवढ्या वेगाने भाषा चढते ती या हेतूमुळेच चढते, हेही मला नाकारता येत नाही. आपण भाषा 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून शिकतो. त्या पोराला उद्या संध्याकाळी चार वाजता कार्लोसशी बोलायचंय, आणि त्याच्या मते त्यावर कार्लोसच्या आत्म्याचं भलंबुरं अवलंबून आहे.

---

प्रशासक

धर्मांतर योग्य की अयोग्य, यावर चर्चा करायची असल्यास वेगळा धागा काढावा. इथे प्रशिक्षण आणि भाषा या विषयाला धरून लिहावे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

स्पॅनिश_काकू

पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आहे, त्यामुळे राहवलं नाही.

मंजिरी, तू लिहिलंस त्यातली मला सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट म्हणजे क्रम. आपल्या पुस्तकांत 'मी, तू, तो', मग बाजार, मग हॉटेल, मग भूतकाळ, आणि सब्जंक्टिव्ह (क्रियापदाचं इच्छा-विनंतीचं रूप) नावाची जी स्पॅनिशची अवघड गल्ली आहे ती पार शेवटी, अर्धा वर्ग गळाल्यावर. या एल्डरांना ती सुरुवातीलाच लागते! कारण त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य विनंतीचं. 'तुम्ही हे वाचावं असं आम्हांला वाटतं', 'तुम्ही रविवारी यावं', 'देवाने तुमच्या घराला आशीर्वाद द्यावा'. 'केरेमोस के उस्तेद लेआ...' या एका सांगाड्यात क्रियापदं बदलत बसायचं. मी एका अमेरिकन विद्यार्थ्याला भेटले होते, असंच मिशन करून आलेला. सब्जंक्टिव्ह लोण्यासारखं. पण पान्याला काय म्हणतात, नळ गळतोय हे कसं सांगायचं, ते येत नव्हतं. 'पश्चात्ताप' हा भलामोठा शब्द, आर्रेपेन्तिमिएन्तो, न अडखळता म्हणायचा.

मराठी माणसाला मात्र या अमेरिकन पोरांपेक्षा काही बाबतींत आयतं घबाड मिळालंय, हे आवर्जून सांगते:

उच्चार. स्पॅनिशमधले प, त, क आपल्यासारखेच कोरडे, आणि त-द दातांना जीभ लावूनच. अमेरिकन मुलगा 'तोमार' म्हणायला जातो आणि 'थ'च्या जवळ हवा सोडतो. ती हवा काढायलाच त्याचे आठवडे जातात. आपल्याला फक्त 'र्र' घोळवायची सवय करावी लागते.

'मला आंबा आवडतो.' इंग्रजी बोलणाऱ्याला याचा स्पॅनिश अवतार उलटा वाटतो, कारण आवडणारी वस्तू कर्ता होते. आपण तसंच बोलतो. मे गुस्ता एल मांगो. माझ्या वर्गात हा धडा दहा मिनिटांत संपतो.

आणि 'वाचावं, यावं, द्यावं' आपल्याकडे आहेच की. सब्जंक्टिव्हची सगळी खोली त्याने मोजली जात नाही, पण उंबरा ओलांडता येतो.

आपलं घोडं अडतं ते 'असणे'साठीच्या दोन क्रियापदांवर, सेर आणि एस्तार. तिथे मात्र आपण आणि बंटी एकाच होडीत.

---

डोंगरवाट

काकू, जबरदस्त प्रतिसाद! मी वर्षभर मोबाइलवरच्या अ‍ॅपवर स्पॅनिश करतोय. रोजची साखळी अखंड आहे. पण मागच्या महिन्यात कंपनीत मेक्सिकोचा ग्राहक कॉलवर आला आणि 'ओला'च्या पुढे माझी बॅटरी उतरली. ही सहा आठवड्यांची पोरं खरोखर बोलू लागतात का? का ही फक्त ऐकीव कीर्ती?

---

उंबरठा

@डोंगरवाट, सहा आठवड्यांत 'येत' नाही. नवऱ्याच्या शब्दांत, सहा आठवड्यांत लाज जाते. विमानातून उतरल्यावर खरी शाळा. मुरलेला जोडीदार देतात, शक्यतो त्याच देशातला नाहीतर वर्षभर तिथे काढलेला, आणि मग रोज दारं ठोठवायची. पाच-सहा महिन्यांनी एके दिवशी कळतं की बसमधल्या मागच्या बाकावरचं भांडण आपल्याला समजतंय.

दोन वर्षांनी जे परत येतात त्यांचं स्पॅनिश पक्कं असतं, याला मात्र युटातली निम्मी कंपन्यांची कार्यालयं साक्षी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी असेच तरुणपणी फ्रान्सला जाऊन आलेले. युटाचे माजी राज्यपाल जॉन हंट्समन तैवानला होते, आणि पुढे २००९ साली चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले तेव्हा त्यांना मॅन्डरिन बोलता येत होतं.

---

रताळे

आणि ज्याला जमत नाही त्याचं काय होतं? म्हणजे समजा गेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात वाटलं की हे आपलं काम नाही.

---

उंबरठा

@रताळे, चांगला प्रश्न, आणि यावर सहसा कोणी बोलत नाही.

माझा धाकटा दीर मधूनच परत आला. केंद्रातूनच, ग्वातेमाला वगैरे दूरच. त्याला झोप येईना, अन्न जाईना. वर्गात बाकीचे पुढे जातायत आणि आपल्या तोंडून शब्द फुटत नाही, याचं त्याने इतकं घेतलं की छातीत धडधड सुरू झाली. आज आपण त्याला सरळ चिंताविकार म्हणू. तिथले डॉक्टर चांगले होते, कोणी रागावलं नाही, तिकीट काढून घरी पाठवलं. त्रास झाला तो घरी आल्यावर. रविवारी चर्चमध्ये लोक हात मिळवायचे आणि 'अरे, इतक्यात?' म्हणायचे. लग्नाच्या बाजारातसुद्धा 'मिशन पूर्ण केलेला' हे मोजलं जातं. आता म्हणे बरंच बदललंय, तब्येतीसाठी परत आलेल्यांना गावातच सेवेचं काम देतात, तेही मिशन म्हणूनच धरलं जातं. पण सासूबाई अजूनही विषय निघाला की भांडी घासायला उठतात.

दीर आता चाळिशीत आहे, उत्तम सुतारकाम करतो. स्पॅनिशचा एक शब्द बोलत नाही. येत असावं, माझा अंदाज.

---

सोलापुरी

@उंबरठा, मला हेच म्हणायचं होतं, फक्त मी तिरकस लिहिलं. धन्यवाद.

---

नगरकर_मिशन_कंपाउंड

उशिरा येतोय. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, अहिल्यानगरचं (आमच्या तोंडी नगरच), त्यामुळे 'मिशनरी' शब्द आला की आमच्याकडे वेगळंच चित्र उभं राहतं. आमच्याकडचे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. ना शाळा, ना शब्दकोश, ना कार्लोस. मोल्सवर्थचा कोश निघाला १८३१ला, आणि त्याच साली नगरला त्यांच्या मिशनचं ठाणं सुरू झालं. त्याआधीच्यांनी पंतोजी ठेवून, बाजारात उभं राहून मराठी उचललं. हॉल १८२६ साली पटकीने इथेच गेला.

फरक मला दिसतो तो मुदतीचा. ते आले ते हाडं इथेच ठेवायच्या तयारीने. त्यामुळे त्यांच्यातल्या काहींना भाषेने धरून ठेवलं. जस्टिन अ‍ॅबट हे त्याच मिशनचे. मुंबईतली नोकरी संपवून अमेरिकेला परतले आणि म्हातारपणी आपल्या संतांच्या चरित्रांची इंग्रजी भाषांतरं करत बसले. आला होता शिकवायला, आणि एकनाथ-तुकारामांत अडकला! आणि हॉल-नॉटच्याही दोनशेहून जास्त वर्षं आधीचे गोव्यातले फादर स्टीफन्स तर १५७९ साली आले, १६१६ला मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून मोकळे. दोन वर्षांच्या मुदतीत बंटी चिलीचं कवित्व करेल असं वाटत नाही. चाळीस वर्षं मिळाली तर सांगता येत नाही.

---

मनमाड_जंक्शन

@नगरकर, भारी. यात आमच्या गावाची भर घालतो, कारण स्पॅनिश आणि मिशनरी हे दोन शब्द एकत्र आले की मनमाडच्या जुन्या माणसाला एकच नाव आठवतं, फादर फेरर. विसेंत फेरर. इथे सगळं उलटं होतं, स्पॅनिश माणसाने मराठी मुलुखात यायचं. जन्म बार्सिलोनाचा, १९२०चा. १९५२ला तरुण जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचे) म्हणून मुंबईत आले, पुण्यात शिक्षण पुरं केलं, मग मनमाड. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात विहीर खणायची आणि खणेपर्यंत घर चालायला फादरांनी गहू-तेल द्यायचं, असा व्यवहार. आमच्या चुलत आजोबांची विहीर त्यातलीच, अजून पाणी आहे, फाल्गुनापर्यंत तरी.

१९६८ला सरकारने देश सोडायला सांगितलं तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईला चालत निघाले होते. शेवटी इंदिरा गांधींच्या मध्यस्थीने परत यायला मिळालं, पण महाराष्ट्रात नाही. १९६९ला आंध्रातल्या अनंतपूरला गेले, पुढच्या वर्षी जेझुइट संघ सोडला, लग्न केलं आणि २००९ला जाईपर्यंत तिथेच काम केलं. म्हणजे मराठीनंतर पन्नाशीच्या आसपास तेलुगू मुलुखात नव्याने संसार मांडला. अठराव्या वर्षी स्पॅनिश शिकणाऱ्यांचं कौतुक आहेच, पण हे जरा जास्त आहे.

---

स्पॅनिश_काकू

@मनमाड_जंक्शन, फेररांचं काम ऐकून होते, विहिरींचा तपशील नव्हता. यावर स्वतंत्र धागा काढा ना! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

पोटोबा

+१. आणि त्या धाग्यात फादर मनमाडला काय जेवायचे तेही लिहा.

---

मंजिरी_लीहाय

बंटीची ताजी खबर. प्रोव्हो संपलं, पोरगा चिलीत पोचला, कॉन्सेप्सिओनजवळ. सोमवारी घरी व्हिडिओ कॉल झाला, मला मुद्दाम बोलावलं होतं. केस कोणीतरी वेडेवाकडे कापलेत. पहिल्याच दिवशी त्याला वाटलं आपल्याला चुकीच्या देशात उतरवलं. चिलीत शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, वाक्याच्या शेवटी 'पो' लावतात आणि दर दोन वाक्यांनी 'काचाय?' म्हणजे 'कळलं का?' विचारतात. प्रोव्होचे शिक्षक वेगवेगळ्या देशांत राहून आलेले, सगळे याच्यासाठी स्वच्छ आणि सावकाश बोलायचे. चिलीतल्या बसवाल्याला तशी काही गरज वाटत नाही.

जोडीदार तिथलाच आहे, उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावचा. त्याला इंग्रजी शिकायचंय, याला स्पॅनिश. मग त्यांनी ठरवून टाकलंय: सकाळी भांडी घासताना इंग्रजी, दाराबाहेर पाऊल पडलं की स्पॅनिश. गेल्या आठवड्यात एका आजीबाईंच्या घरी गेले, तर त्यांनी धर्माचं काही ऐकून घेण्याआधी दोघांना अंगणातली लाकडं रचायला लावली. तासभर लाकडं रचता रचता बंटीला कुऱ्हाड, ओलं, सुकं, ढीग, कोपरा, 'अरे सावकाश', 'पाय सांभाळ' हे सगळे शब्द मिळाले. काकूंच्या पान्याचा आणि नळाचा बंदोबस्त होतोय म्हणायचा. आजीबाईंनी पुस्तक काही घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात छप्पर दाखवायला बोलावलंय.

---

डोंगरवाट

हे वाचून अ‍ॅपची साखळी तोडायचं ठरवतोय. गंभीरपणे विचारतो: नोकरी, पोरंबाळं, हप्ते सांभाळून यातलं आपल्याला काय उचलता येईल? प्रोव्होला तर कोणी आपल्याला घेणार नाही, चहासाठीच बाद होऊ.

---

स्पॅनिश_काकू

@डोंगरवाट, त्यांचं वेळापत्रक उचलू नका, महिन्याभरात बायको घराबाहेर काढेल. कार्लोस उचला. म्हणजे आठवड्यातून दोनदा कोणाशी तरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामासाठी बोलायचं, आणि समोरच्याने काहीही झालं तरी मराठी-इंग्रजीत उतरायचं नाही. काम खरं हवं. तुमचा मेक्सिकोचा ग्राहक आहेच. त्याला पुढच्या कॉलवर फक्त दोन मिनिटं स्पॅनिशमध्ये सांगायचं की माल कधी निघेल. ती दोन मिनिटं आपण बसवू. मग तीन करू. व्याकरण त्या दोन मिनिटांत जिथे फाटेल तिथेच शिवायचं, सगळं कापड आधी विणत बसायचं नाही.

मी कार्लोस व्हायला तयार आहे. माझीही बायको सोडून गेली असं सांगेन, 'मुय ब्येन' म्हणालात तर कॉल बंद.

---

रताळे

मीपण! मीपण! काकू, नवशिक्यांना प्रवेश आहे का? मला आकडे वीसपर्यंत येतात.

---

स्पॅनिश_काकू

@रताळे, बंटीला तेवढेच येत होते. रविवारी सकाळी नऊ, भारतीय वेळ. मंजिरी, तुझ्याकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे साडेनऊ असतील, जमतंय का?

---

मंजिरी_लीहाय

जमतंय. बंटीच्या आईलाही घेऊन येते. मुलाच्या मेसेजमधलं निम्मं कळत नाही म्हणून तिने गुपचूप शिकायला सुरुवात केली आहे; स्वयंपाकघरात फ्रिजवर, ओव्हनवर, कुत्र्याच्या ताटलीवरसुद्धा चिठ्ठ्या चिकटवल्यात. तिला मराठी येत नाही आणि काकू इंग्रजीत उतरणार नाहीत, म्हणजे तिला स्पॅनिशशिवाय गत्यंतर नाही.

---

पोटोबा

मी ऐकायला येतो. नऊ म्हणजे नाश्त्याची वेळ आहे, मध्ये मध्ये आवाज बंद ठेवीन.